सलोख्याची किंमत कोणी मोजली?

दीक्षाभूमीवर गेलेला माणूस स्तूपात जाऊन वंदन करतो आणि मग बोधिवृक्षाच्या सावलीत घटकाभर टेकतो. हा वृक्ष श्रीलंकेतून आलेला आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरच्या महाबोधी वृक्षाच्या फांद्या आणून त्या नागपूरच्या मातीत लावल्या. अनुराधपूरचा वृक्ष हा सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेहून नेलेल्या फांदीचा, असे बौद्ध परंपरा सांगते. म्हणजे बुद्धगया, अनुराधपूर आणि नागपूर यांचे मूळ एकच आहे. त्यामुळे भारत आणि श्रीलंका यांच्या संबंधांची बातमी आम्हाला परक्या देशाची बातमी म्हणून वाचून सोडून देता येत नाही.

६ एप्रिल २०२५ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके यांनी याच अनुराधपूरच्या वृक्षाचे दर्शन घेतले. त्याच्या आदल्या दिवशी कोलंबोत दोन्ही देशांमध्ये संरक्षण सहकार्याचा करार झाला. ज्या बेटावर भारतीय फौजेला अडीच वर्षे लढून रिकाम्या हाताने परतावे लागले होते, त्याच बेटाने भारताशी लष्करी सहकार्याचा लेखी करार केला. भारतीय शांतिसेनेच्या स्मारकावर पंतप्रधानांनी पुष्पचक्रही वाहिले. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. चीनला शह बसला, हिंदी महासागर सुरक्षित झाला, असे विद्वानांनी सांगितले.

शेजाऱ्याशी सलोखा होत असेल तर त्यात वाईट काय? काहीच नाही. युद्धापेक्षा करार केव्हाही बरा. परंतु आंबेडकरी चळवळीने प्रत्येक कराराला एक प्रश्न विचारला पाहिजे. पुणे कराराने तो प्रश्न आपल्याला शिकवला आहे. तो असा की, या सलोख्याची किंमत कोणी मोजली? दोन राज्यकर्ते हस्तांदोलन करतात तेव्हा कोणाच्या मानेवर पाय ठेवून ते उभे असतात? भारत-श्रीलंका संबंधांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

प्रथम रक्ताचा हिशेब पाहू. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात करार झाला. तमिळ अतिरेक्यांनी शस्त्रे खाली ठेवावीत आणि श्रीलंका सरकारने प्रांतांना अधिकार द्यावेत, असा त्याचा गाभा होता. या कराराची हमी म्हणून भारताची शांतिसेना जाफन्यात उतरली. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना हा करार मनापासून मान्य नव्हता. ऑक्टोबरमध्ये शांतिसेना आणि लिट्टे यांच्यातच युद्ध पेटले. २४ मार्च १९९० रोजी शेवटचा भारतीय जवान परतला, तोवर अकराशेहून अधिक जवान मरण पावले होते.

हे जवान कोण होते? ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फन्ट्रीच्या १३ व्या बटालियनचे तीस जवान उतरवले गेले. लिट्टे तेथे दबा धरून बसली होती. तिसांपैकी एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. शीख लाइट इन्फन्ट्री ही मजहबी आणि रामदासिया शिखांची, म्हणजे पंजाबातील दलितांची पलटण. पुढे २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन् छातीत गोळी लागली असताना शत्रूची बंदूक हिसकावून लढले आणि शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. श्रीलंकेतील या मोहिमेचे ते एकमेव परमवीर चक्र होय.

महार रेजिमेंट हे नाव आमच्या वाचकांना सांगावे लागत नाही. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी पाठपुरावा केला आणि बंद झालेली महारांची भरती पुन्हा सुरू झाली. पहिली पलटण बेळगावला उभी राहिली, दुसरी येथे कामठीला. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांचे जवान आहेत. परमेश्वरन् स्वतः मुंबईत जन्मलेले तमिळ होते. एक तमिळ अधिकारी महार पलटणीचे जवान घेऊन तमिळ बंडखोरांशी लढतो आणि मरतो, आणि ज्यांनी त्याला तेथे पाठवले त्यांना हे युद्ध कशासाठी आहे ते नीट सांगता येत नाही! इकडे दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २०१९ साल उजाडावे लागले.

परंतु हे रक्त ज्या भांडणात सांडले ते भांडण १९८७ मध्ये सुरू झालेले नाही. त्याचे मूळ शोधायला चहाच्या मळ्यात जावे लागते.

श्रीलंकेत तमिळांचे दोन वेगळे समूह आहेत. उत्तर आणि पूर्व भागातील तमिळ तेथे शतकानुशतके राहतात. दुसरा समूह डोंगराळ भागातील मळ्यांमध्ये राबणाऱ्यांचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आधी कॉफीच्या आणि नंतर चहाच्या मळ्यांसाठी तमिळ मुलखातून मजूर नेले. त्यात मोठा भरणा पल्लर, परैयर, चक्किलियर अशा अस्पृश्य जातींचा होता. गावात जमीन नाही, पोटात अन्न नाही आणि वरून जातीचा जाच, म्हणून ही माणसे समुद्र ओलांडून गेली. जंगल तोडून त्यांनी मळे उभे केले. मळेवाल्याच्या चाळीत एकेका खोलीत कुटुंबे कोंबली गेली. जगभर ‘सिलोनचा चहा’ म्हणून जो नावाजला गेला तो या बायाबापड्यांच्या बोटांनी खुडलेला आहे.

१९४८ साली सिलोन स्वतंत्र झाला. स्वतंत्र सरकारने त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा केला आणि या मळेकामगारांना नागरिकत्वातून बाहेर काढले. पुढच्या वर्षी त्यांचा मताधिकारही गेला. १९४७ च्या निवडणुकीत या कामगारांनी सात प्रतिनिधी निवडून दिले होते. कष्टकरी माणूस मताची ताकद ओळखू लागला की राज्यकर्त्याला धडकी भरते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

नेहरूंनी या माणसांना भारतात परत घ्यायला नकार दिला होता. ज्यांनी तो देश उभा केला त्यांना त्या देशाने नागरिक मानावे, अशी त्यांची भूमिका होती. ती भूमिका योग्य होती. मग १९६२ चे चीन युद्ध झाले. भारताचा पराभव झाला आणि शेजारीपाजारी कोणी आपल्या बाजूने उभे नाही, हे दिल्लीला कळून चुकले. युद्धानंतर शेजाऱ्यांशी बिघडलेले संबंध सुधारण्याची घाई सुरू झाली. त्या घाईत ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांचा करार झाला. त्यात ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी झाली. ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख श्रीलंकेने ठेवायची आणि उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहायचे! १९७४ साली तीही निम्मी निम्मी वाटून घेतली गेली.

गुरे वाटावीत तशी माणसे वाटली गेली. ज्यांची वाटणी होत होती त्यांना कोणी विचारले नाही. मळेकामगारांचे नेते सौम्यमूर्ती थोंडामन यांनी विरोध केला, तो कोणी ऐकला नाही. लाखो लोकांना जहाजात बसवून अशा देशात पाठवले गेले की जो त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलासुद्धा नव्हता. काहींना निलगिरीच्या सरकारी चहामळ्यांत काम मिळाले, म्हणजे एका मळ्यातून उठवून दुसऱ्या मळ्यात बसवले. आजाही मजूर, नातूही मजूर. दिल्ली-कोलंबोचा सलोखा मात्र झाला. जे मागे राहिले त्यांच्यापैकी अनेकांना नागरिकत्वासाठी थेट २००३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. कायद्याने देशहीन ठरलेली माणसे पंचावन्न वर्षे त्याच देशाची परकीय गंगाजळी कमावून देत होती.

बाबासाहेब या प्रश्नाकडे कसे पाहत होते? मे १९५० मध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते. कँडीतील परिषद आटोपल्यावर केवळ विहार पाहून ते परतले नाहीत. कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले, आणि या माणसांना मायेने जवळ करा, असे तेथील बौद्धांनाही बजावले. परक्या भूमीवरही आपला माणूस कोठे आहे, हे त्यांनी पाहिले.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५१ मध्ये, मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी परराष्ट्र धोरणावर कठोर टीका केली. साडेतीनशे कोटींच्या महसुलापैकी एकशे ऐंशी कोटी लष्करावर खर्च होतात, कारण आपल्याला मित्र उरलेले नाहीत, असा हिशेब त्यांनी मांडला. काश्मीरवर सारा देश तावातावाने बोलत असताना पूर्व बंगालमधील आपल्या लोकांचे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्या लोकांत नामशूद्रांची संख्या मोठी होती, हे ध्यानात घ्यावे. बाबासाहेबांचे परराष्ट्र धोरण भूमीचा नकाशा पाहून ठरत नव्हते; त्या भूमीवरील माणसाचे काय होते, येथून ते सुरू होत होते. मैत्री हवी, कारण मैत्री नसेल तर गरिबाच्या भाकरीतला तुकडा तोफेत जातो. आणि मैत्री माणसाला विकून नको. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय आंबेडकरी भूमिका पूर्ण होत नाही.

या कसोटीवर १९९० नंतरचे प्रयत्न तपासले तर काही गोष्टी मान्य कराव्या लागतील. १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाली आणि दिल्लीने श्रीलंकेच्या अंतर्गत संघर्षातून अंग काढून घेतले. पुढे १९९८ मध्ये मुक्त व्यापार करार झाला. २००९ मध्ये लिट्टेचा पाडाव झाला. त्या अखेरच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने म्हटले. युद्धानंतर भारताने उत्तर आणि पूर्व भागात पन्नास हजार घरांची योजना हाती घेतली आणि त्यातील चार हजार घरे मळेकामगारांसाठी ठेवली. २०१७ च्या मे महिन्यात आणखी दहा हजार घरांची घोषणा मळ्यांतच झाली. २०२२ मध्ये श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली, पेट्रोल आणि औषधे मिळेनात, तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. फौज पाठवून जे कमावता आले नाही ते घर, औषध आणि इंधन पाठवून कमावता आले. कोणत्याही युद्धखोर देशभक्ताने हा धडा घोटून घ्यावा.

परंतु जे राहिले तेही सांगितले पाहिजे. १९८७ च्या ज्या करारासाठी अकराशे जवान मेले, त्यातून श्रीलंकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती आली आणि प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या. २०१४ साली उवा प्रांताची निवडणूक झाली, त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली तरी एकाही प्रांतात निवडणूक घेतली गेली नाही. जमीन आणि पोलिसांचे अधिकार कागदावरच राहिले. २०२५ चा संरक्षण करार झाला तेव्हा त्याचा मसुदा जनतेपुढे का ठेवला नाही, असा प्रश्न श्रीलंकेतच विचारला गेला. लष्करी करार झटपट होतो आणि अधिकारांचा करार चार दशके लोंबकळतो! दुबळ्याला दिलेल्या वचनाची मुदत कधीच संपत नाही, कारण ते पाळायचेच नसते.

समुद्रातही तेच. १९७४ साली कच्चतिवू बेट श्रीलंकेकडे गेले. निवडणूक आली की त्याच्या नावाने गळे काढले जातात. प्रत्यक्षात पाल्कच्या सामुद्रधुनीत रामेश्वरमचा कोळी आणि जाफन्याचा कोळी एकमेकांसमोर उभे आहेत. इकडचे मोठे यांत्रिक ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून काढतात, तिकडच्या गरीब तमिळ कोळ्यांची जाळी फाटतात, मग त्यांचे नौदल इकडच्या खलाशांना पकडून नेते. ट्रॉलरचा मालक घरी बसलेला असतो. तुरुंगात जातो तो रोजावरचा खलाशी.

आणि आपल्या घरात काय? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान ही तीन नावे आहेत. श्रीलंकेचे नाव नाही. १९८३ च्या कत्तलीनंतर जीव मुठीत धरून आलेली कुटुंबे तमिळनाडूच्या छावण्यांत राहिली. त्यांची मुले तेथेच जन्मली, तेथेच शिकली. त्यांच्यात मळेकामगारांचे वंशजही आहेत. त्यांच्यासाठी कायद्याचे दार उघडले नाही. सलोख्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आता एक कडू गोष्ट, आपल्या स्वतःच्या घरातली. १९५६ हे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष म्हणून साजरे झाले. त्या एकाच वर्षात दोन घटना घडल्या. जूनमध्ये श्रीलंकेच्या बौद्ध बहुसंख्याकांच्या सरकारने ‘फक्त सिंहली’ हा भाषेचा कायदा करून तमिळांना आपल्याच देशात दुय्यम केले. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अस्पृश्यांना धम्मदीक्षा देऊन माणूस म्हणून उभे केले. बुद्धाचे नाव दोन्हीकडे होते. एकीकडे ते बहुसंख्येच्या सत्तेचे हत्यार झाले, दुसरीकडे ते मुक्तीचा मार्ग झाले. ज्या बंदरनायकेंनी तो कायदा आणला त्यांचाच १९५९ मध्ये एका भिक्खूने गोळ्या घालून खून केला. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि हस्तलिखिते राख झाली. ग्रंथांसाठी राजगृह बांधणाऱ्या महापुरुषाच्या अनुयायांना त्या राखेची वेदना कळली पाहिजे.

लिट्टेलाही आम्ही निरपराध म्हणणार नाही. १४ मे १९८५ रोजी तिच्या बंदूकधाऱ्यांनी अनुराधपुरात शिरून, त्या महाबोधी वृक्षाच्या आवारातसुद्धा, निःशस्त्र माणसांना गोळ्या घातल्या. १९९० मध्ये तिने उत्तरेतील मुसलमानांना घरांतून हाकलून लावले. पोरांच्या हाती बंदुका दिल्या. ज्या वृक्षाची सावली आम्ही येथे घेतो त्याच वृक्षाखाली रक्त सांडले. अत्याचाराला धर्म आणि भाषा नसते; त्याला फक्त बळी लागतो.

मग आंबेडकरी जनतेने करायचे काय? परराष्ट्र धोरण हे साहेबलोकांचे काम, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून गप्प बसणे परवडणारे नाही. सीमेवर आपली पोरे उभी असतात, परदेशातल्या मळ्यांत आपल्यासारखीच माणसे राबतात, आणि बुद्धाच्या नावाने जे होते त्याची जबाबदारी बौद्ध म्हणून आपल्यावरही येते. म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. शेजारी देशाशी होणारा प्रत्येक संरक्षण करार संसदेपुढे आणि जनतेपुढे यावा. छावण्यांतील श्रीलंकन तमिळ निर्वासितांना, आणि त्यातही मळेकामगारांच्या वंशजांना, नागरिकत्वाचा मार्ग खुला करावा. संरक्षणाच्या बैठकीत जेवढा वेळ बंदरांना आणि रडारला मिळतो, तेवढाच प्रांतिक परिषदांच्या निवडणुकांना आणि मळेकामगारांच्या घरांना व जमिनीला मिळावा.

एक काम आपले स्वतःचेही आहे. श्रीलंकेतील भिक्खू नागपूरला येतात, आपण त्यांचे स्वागत करतो, चीवरदान देतो. ते करावेच. पण त्यांना आदराने एक प्रश्नही विचारावा : भन्ते, आपल्या देशातील तमिळ मळेकामगार आज कसा राहतो? बाबासाहेबांनी १९५० मध्ये कोलंबोत जे मागितले त्याचे काय झाले? आपले लोक अनुराधपूर, कँडीच्या यात्रेला जातात. कँडीहून नुवारा एलियाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना चहाचे मळे लागतात. गाडी तेथे थांबवावी, फोटो काढण्यासाठी नव्हे, तर त्या चाळीच्या दारात जाऊन ‘जयभीम’ म्हणण्यासाठी. भाषा कळणार नाही, माणूस कळेल.

राज्यकर्त्यांचे करार सत्तेबरोबर बदलतात. आज चीनची भीती आहे म्हणून मैत्री आहे, उद्या दुसरी भीती आली की दुसरा मित्र शोधला जाईल. १९६४ ला तेच झाले, १९८७ ला तेच झाले. खालच्या माणसाला विचारून जो सलोखा होईल तोच टिकेल. दीक्षाभूमीचा बोधिवृक्ष हेच सांगतो. तो मूळ धरू शकला, कारण त्याला येथे आणताना कोणालाही उपटून फेकावे लागले नव्हते.